विद्यार्थ्यानें राहावें कोठें?

गेल्या महिन्यांत सेलूस आमच्या घरीं एक बैठक भरली. बैठक म्हणजे कांहीं फार मोठी नव्हे. माजघरांत माझा थोरला भाऊ दादा, वहिनी, दादाचा मुलगा व सून, आणि जिच्याविषयीं बोलणें चाललें होतें ती त्यांची मुलगी, इतकींच माणसें. मी नेहमींप्रमाणें दाराशीं पाट टाकून बसलें होतें. मुलगी यंदा बारावीस आहे आणि डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय आहे. प्रवेशपरीक्षा अद्याप व्हावयाची आहे. परंतु आमच्याकडे लग्न ठरण्यापूर्वींच पंगतींत कोण कोठें बसणार याची चर्चा होते, त्यांतलाच हा प्रकार. प्रवेश मिळालाच, तर पोरीनें राहावें कोठें, असा प्रश्न निघाला होता.

सूनबाईचें म्हणणें सरळ होतें. २०२३ सालीं परभणीस शंभर जागांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें व जिल्हा रुग्णालय त्यास जोडण्यांत आलें. सेलूहून परभणी म्हणजे आगगाडीची थोडकीच वाट. मध्यें मानवत रोड, पेडगांव येतें न येतें तों परभणीचा फलाट. तेव्हां पोरीनें सकाळीं डबा घेऊन जावें, सायंकाळीं परत यावें. अन्न घरचें, पाणी घरचें, आणि मुख्य म्हणजे रात्र घरची. हें शेवटचें वाक्य ती हळूच बोलली, पण सर्वांच्या मनांत एकच गोष्ट आली. ९ ऑगस्ट २०२४ रोजीं कलकत्त्यास एका रुग्णालयांत, दीर्घ पाळीनंतर सभाकक्षांत घटकाभर पाठ टेकण्यास गेलेल्या तरुण डॉक्टर मुलीचा जो भीषण अंत झाला, तो कोणा आईबापांच्या विस्मरणांत गेला असेल? पुतण्यानें मान हालविली, वहिनींनीं "हें बरें" म्हटलें, आणि प्रश्न जवळजवळ निकालांत निघाला.

दादा ऐक्याऐंशी वर्षांचा आहे. तो अशा चर्चेंत सहसा बोलत नाहीं. त्या दिवशीं अडकित्ता खालीं ठेवून तो म्हणाला, "नानांनीं माझ्यासाठींही घरचेंच अन्न शोधलें होतें."

कोणास कांहीं उमगलें नाहीं. ज्यांस उमगलें असतें तीं सर्व माणसें आतां गेलीं. उरलें मी एकटी. तें मला लिहून ठेवावयाचें आहे, कारण त्यांत माझाही थोडा हात आहे.

नाना म्हणजे आमचे वडील. त्यांचें शिक्षण निजामाच्या राज्यांत झालें. त्या काळीं आमच्या भागांतील मुलास वरच्या इयत्ता शिकावयाच्या तर बहुधा हैदराबादेची वाट धरावी लागे. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून, अगदीं वैद्यकसुद्धां. आणि मराठवाड्यांत औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें १९५६ सालीं. नाना हैदराबादेस वार लावून शिकले. हा शब्द आतां मुलांस समजावून सांगावा लागतो. सात वारांस सात घरें धरावयाचीं. ज्या दिवशीं ज्या घरची पाळी, त्या दिवशीं त्या घरीं जेवावयाचें. नानांस सहाच घरें मिळालीं होतीं. बुधवार रिकामा. त्या दिवशीं फुटाणे आणि पाणी. गुरुवारच्या घरीं पान ओटीवर मांडीत, आणि वाढणारी बाई ताकाचें भांडें हातांत धरून "आणखी नको ना?" असें विचारी. नाना हें हंसत सांगत. पण पुढें आयुष्यभर बुधवारीं ते दोन घास अधिक जेवीत, आणि आई कांहीं न बोलतां वाढी. ज्यानें अन्नासाठीं असे दिवस काढले, त्यानें मुलाच्या बाबतींत प्रथम अन्नाचाच विचार करावा, यांत नवल नाहीं. नानांना दोष देणाऱ्यानें हें आधीं ध्यानांत घ्यावें.

१९६२ सालीं दादाला वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. शहर दूरचें व मोठें होतें; त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सेलूंत त्या दिवशीं पेढे वांटले गेले. आठ दिवसांनीं दुसरें पत्र आलें कीं, वसतिगृहांतही जागा मिळत आहे, तरी संमति व अनामत रक्कम पाठवावी. त्या पत्रानें घरांत वादळ उठलें. वसतिगृहांत एकच खाणावळ. स्वयंपाकी कोण, पंगतीस कोण, अंडीं शिजतात कीं काय, या प्रश्नांनीं आजीनें दोन दिवस अन्न सोडलें. नाना स्वतः इतके कर्मठ नव्हते. पण आजीचा शब्द मोडण्याचें धैर्यही त्यांच्यापाशीं नव्हतें. अशा वेळीं देव धांवून यावा तशी आईची एक मावसबहीण धांवून आली. त्याच शहरांत तिचें स्वतःचें घर होतें, घरांत सोवळें होतें, गोठ्यांत दोन गाई होत्या. "तुमचा मुलगा तो माझाच," असें तिनें लिहिलें. प्रश्न सुटला. आजी जेवली.

माझें वय तेव्हां तेरा. अक्षर वळणदार म्हणून घरचीं पत्रें मी लिहीत असें. नानांनीं सांगितलें आणि मीं लिहिलें: प्रकृतीच्या कारणास्तव मुलास घरगुती आहार आवश्यक असल्यामुळें वसतिगृहांतील जागेची जरुरी नाहीं. दादाची प्रकृति ठणठणीत होती. पत्र पेटींत टाकावयास त्यालाच पाठविलें. तो जातांना मला एवढेंच म्हणाला, "अक्षर छान आलें आहे."

मावशीच्या घरचें जेवण खरोखरच उत्तम होतें. परंतु तें घर रुग्णालयापासून चार मैल. रात्रीं नऊ वाजतां दिंडीदरवाजास अडसर पडे. पुन्हां आश्रिताची कामें असतात तीं होतींच: दळण आणणें, धाकट्या मुलांचा अभ्यास घेणें, म्हाताऱ्या काकांस वर्तमानपत्र वाचून दाखविणें. यांतलें एकही काम कोणी जुलमानें सांगत नसे. पण ज्याचें अन्न खावें त्याला नाहीं म्हणतां येत नाहीं. आणि नाहीं म्हणतां न येणें यासारखा अभ्यासाचा शत्रु नाहीं.

खरी अडचण निराळीच होती. शरीररचनाशास्त्र हा विषय नुसत्या पुस्तकानें येत नाहीं. हाड हातांत घ्यावें, त्यावरील खांच न् खांच, उंचवटा न् उंचवटा बोटानें चाचपावा, कोणता स्नायु कोठें चिकटतो तें मोठ्यानें म्हणावें आणि समोर बसलेल्यानें चूक काढावी, अशी ती विद्या आहे. वसतिगृहांतील मुलें रात्रीं दहानंतर चौघे-चौघे एका खाटेवर बसत. एकानें हाड उचलावें, दुसऱ्यानें तें उजवें कीं डावें हें सांगावें, तिसऱ्यानें वाद घालावा. प्राध्यापकांकडून तासाभरांत जें कळत नसे तें तेथें चहाच्या एका कपावर कळे. दादा त्या वेळीं चार मैलांवर अडसराच्या आंत असे.

त्यानेंही वरच्या वर्गांतील मुलाकडून हाडांचा जुना संच निम्म्या किमतींत घेतला होता. पण माणसाचीं हाडें सोवळ्याच्या घरांत न्यावयाचीं कशीं? त्यानें तीं एका पिशवींत घालून गोठ्याच्या आढ्याला टांगलीं, आणि रात्रीं सर्व निजल्यावर कंदील घेऊन तो गाईंच्या शेजारीं बसून अभ्यास करूं लागला. हें चार महिने चाललें. एके दिवशीं पहांटे धारा काढावयास आलेल्या गड्यानें पिशवी सोडून पाहिली. कवटी हातांत आली तेव्हां त्यानें फोडलेला हंबरडा म्हणे तिसऱ्या आळीपर्यंत ऐकूं गेला. गोमूत्र शिंपडलें, शांति केली, आठ दिवस त्या गाईंचें दूध घरांत घेतलें नाहीं. मावशीनें दादाला घालवून दिलें नाहीं. घालवून दिलें असतें तर बरें झालें असतें, असें आतां मला वाटतें. ती रडली आणि म्हणाली, "बाबा रे, तेवढें सोडून काय वाटेल तें कर." त्यानें हाडें परत विकलीं.

शरीररचनेंत तो दोनदां नापास झाला. १९६४ च्या उन्हाळ्यांत एक ट्रंक घेऊन तो सेलूच्या स्टेशनावर उतरला. गांवांत विचारणाऱ्यांस आम्ही सांगितलें कीं, तिकडे प्रकृति मानवली नाहीं. मीं पत्रांत लिहिलेलें खोटें अशा रीतीनें दोन वर्षांनीं उपयोगी पडलें. नानांनीं त्याला एकच प्रश्न विचारला: "जेवणाचे हाल झाले काय रे?" दादा म्हणाला, "नाहीं नाना, जेवण उत्तम होतें." यावर दोघेही पुन्हां कधीं बोलले नाहींत.

पुढें तो बी.एस्सी. झाला आणि शाळेंत विज्ञान शिकवूं लागला. फळ्यावर मांडीचें हाड तो पुस्तक न पाहतां काढी. आजही घरांत कोणाचें क्ष-किरणचित्र आलें, कीं तें उजेडाकडे धरून तो हाडाचें लॅटिन नांव पुटपुटतो. आम्ही ऐकलें नाहीं असें दाखवितों.

ही आमच्या एका घराची कथा झाली; पण पंगतीचा प्रश्न आमच्या एका घराचा नव्हता. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास सर्व जातींच्या मुलांसाठीं काढलेलें वसतिगृह पाहतां पाहतां ब्राह्मण मुलांचेंच होऊन बसलें, आणि मग त्यांना १९०१ पासून जातीजातींकरितां वेगळीं वसतिगृहें उभारावीं लागलीं. हा इतिहास आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं, तीं एकमेकांच्या हातचें जेवलीं आणि शिकलीं. माझ्या भावाचें पत्र मीं लिहिलें तें त्यानंतर अडतीस वर्षांनीं. पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचें कौतुक आमच्या आजीच्या तोंडीं असे. परंतु तें पुण्यास होतें, आणि दुसऱ्यांच्या मुलांकरितां होतें.

आतां परभणीकडे वळूं. नवें महाविद्यालय निघालें म्हणजे वर्तमानपत्रांत जागा, खाटा व कोटी रुपये एवढ्यांचेच आंकडे येतात. मुलें निजणार कोठें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वैद्यकीय शिक्षणाच्या शास्त्यांनीं मात्र तें विचारलें आहे. भारतीय वैद्यक परिषदेनें १९९९ सालीं केलेल्या किमान-नियमांत, पुढील सुधारणांसह, एकूण विद्यार्थ्यांपैकीं निदान शेंकडा ७५ जणांची निवासाची सोय सांगितली होती. एका खोलींत तिघांहून अधिक नसावेत, दर विद्यार्थ्यामागें नऊ चौरस मीटर जागा असावी, प्रत्येकास स्वतःचें टेबल, खुर्ची, खाट आणि कपाट असावें, शिवाय अभ्यासिका, भेटीची खोली व खाणावळ असावी, इतका तपशील तींत होता. ती परिषद २०२० सालीं जाऊन तिच्या जागीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्याच्या २०२३ च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांस निवास पुरविणें महाविद्यालयावर बंधनकारक आहे, पण विद्यार्थ्यानें तेथें राहिलेंच पाहिजे असें बंधन नाहीं. शहाणपणाचा नियम आहे. मात्र न राहण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा असावा. त्याच्या आजीचा नसावा.

शंभर जागा हा आंकडा फसवा आहे. पहिल्या वर्षीं शंभरच मुलें असतात आणि कोठेंही भागतें. परंतु शिक्षण साडेचार वर्षांचें आणि त्यावर एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी. दर वर्षीं शंभर येत राहिले आणि बाहेर कोणी पडलें नाहीं, तर पांचव्या वर्षीं पांचशें डोकीं होतात. पुढें निवासी डॉक्टर आले, परिचारिका आल्या. ज्यानें पहिल्या वर्षाकडे पाहून वसतिगृह आंखलें, त्याला तिसऱ्या वर्षीं व्हरांड्यांत खाटा टाकाव्या लागतात. संसारी बाईला हें सांगावें लागत नाहीं. पहिल्या दिवाळीची भांडीं तिसऱ्या दिवाळीस पुरत नाहींत हें तिला ठाऊक असतें. आंखणी करणाऱ्यांत अशी एखादी बाई असावी असें मला फार वाटतें.

आणि हीं मुलें येतात कोठून? शासकीय महाविद्यालयांतील शेंकडा १५ जागा अखिल भारतीय यादींतून भरल्या जातात. पूर्वीं महाराष्ट्रांत विभागवार ७० व ३० अशी वांटणी असे. तीही २०२० सालीं रद्द झाली. म्हणजे परभणीच्या वर्गांत रत्नागिरीची मुलगी असेल, गडचिरोलीचा मुलगा असेल, केरळचा किंवा राजस्थानचाही असेल. त्यांचें सेलूंत घर नाहीं आणि मावशीही नाहीं. आगगाडीनें रोज घरीं जाण्याची तोड आमच्या एका पोरीपुरती आहे. तिच्यावर विसंबून वसतिगृह लहान बांधतां येणार नाहीं. राहिलीं भाड्याचीं घरें. तेथें खोलीचा भाव सांगण्यापूर्वीं आडनांव विचारतात. हें मी परभणीविषयीं म्हणत नाहीं. माझ्या स्वतःच्या माडीविषयीं म्हणतें. ती दहा वर्षें रिकामी आहे, आणि आलेल्या भाडेकऱ्यांस मीं काय काय विचारलें तें मला आठवतें.

सूनबाईच्या भीतीचें उत्तर मीं तिला दिलें तें असें. कलकत्त्याची ती मुलगी वसतिगृहांत राहत होती म्हणून गेली नाहीं. छत्तीस तास राबल्यावर तिला पाठ टेकावयास कडी लागणारी स्वतंत्र खोली नव्हती, म्हणून ती सभाकक्षांत गेली होती. वैद्यकीय विद्यार्थ्याची रात्र घरीं जाऊन सुटत नाहीं; शेवटच्या वर्षांत ती रुग्णालयांतच येते. मग तेथें दिवा आहे कीं नाहीं, कडी आहे कीं नाहीं, वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर पहारा आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. भिऊन घरीं ठेवलेल्या मुलीच्या आईबापांनीं तें पाहिलेंच नसतें. आणि मग ज्या रात्रीं थांबावें लागेल त्या रात्रीं ती अनोळखी जागीं निजेल.

सूनबाई गप्प राहिली. तिला पटलें असें मी म्हणणार नाहीं. आईची भीति इतक्या लवकर जात नसते.

मला विचाराल तर आधीं वसतिगृह बांधावें आणि मग मोठें व्याख्यानगृह. व्याख्यान निंबाच्या सावलींतही देतां येतें. सेवाग्रामच्या महाविद्यालयांत १९६९ पासून नव्या मुलांस आरंभीं पंधरा दिवस आश्रमांत ठेवतात आणि पुढें शिबिरासाठीं खेड्यांतच राहावयास नेतात. कोठें राहावें हाही तेथें शिक्षणाचा भाग मानला आहे. परभणीच्या वैशाखांत पारा चाळिसाच्या वर सहज जातो, म्हणून भिंती जाड असाव्यात, पश्चिमेस खिडक्या कमी असाव्यात, व्हरांडा खोल असावा. पाण्याची टांकी आधीं आणि रंग मागून. खोल्या मुलांच्या आडनांवांवरून वांटूं नयेत. आणि वसतिगृह रुग्णालयाच्या आवारांत नसलें, तर त्याचें नांव वसतिगृह असलें तरी तें आमच्या मावशीचेंच घर.

शेवटच्या अटीवर दादाचा भर फार. त्या दिवशीं मुलीनें त्याला विचारलें, "आजोबा, जवळ म्हणजे किती जवळ?" तो म्हणाला, "रात्रीं दोन वाजतां बोलावणें आलें, तर चप्पल न शोधतां जातां यावें इतकें." मग त्यानें तिला हाडांच्या पिशवीची सर्व हकीगत सांगितली. वहिनींनीं साठ वर्षांच्या संसारांत ती प्रथमच ऐकली. गोठ्यांतल्या गड्याची नक्कल त्यानें अशी केली कीं पोर हंसून हंसून आडवी झाली. पत्र मीं लिहिल्याचें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. तें मीं सांगितलें.

येत्या रविवारीं सकाळच्या गाडीनें दादा व त्याची नात परभणीस जाणार आहेत. परीक्षा व्हावयाची आहे, निकाल लागावयाचा आहे. पण रुग्णालयाच्या फाटकापासून काय किती अंतरावर आहे तें आपण पायीं चालून मोजणार, असें दादानें ठरविलें आहे. सूनबाईही बरोबर जाणार आहे. तिला कडी पाहावयाची आहे. वहिनींनीं विचारलें, दशम्या किती बांधूं? दादा म्हणाला, एकही नको. आम्ही खाणावळींत जेवूं.